मुकुटबनहून येणारी

३ मार्च, सोमवार

यवतमाळातला पहिला दिवस मनासारखा गेला. दारव्हा रोडला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालंय, उजेड भरपूर. सकाळी कोपऱ्यावर तर्री-पोहे खाल्ले. नाशिकच्या जिभेला ती तर्री झेपली नाही, डोळ्यांतून पाणी आलं आणि गाडीवाल्याने न विचारता वर दही घातलं.

ऑफिस चालत जाण्याजोगं आहे. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन बिघडलं की लोक ज्या नंबरवर फोन लावतात, ते फोन आमच्याकडे येतात. दारावर पाटी लागली: पद्मजा खांबेटे, शाखाप्रमुख. आईला फोटो पाठवला. हॉल मात्र जवळजवळ रिकामा. लॉकडाऊनपासून बहुतेक मुली आपापल्या गावातून, घरूनच फोन घेतात. नव्या खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही.

६ मार्च, गुरुवार

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून सलील सरांचा फोन. सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं, सवलत कुणालाही नाही. एवढं भाडं भरून जागा घेतली ती रिकामी ठेवायला नाही, म्हणाले. शुक्रवारी एकवीस तारखेला ते स्वतः पाहायला येणार आहेत.

सगळ्यांना स्क्रीनवर गोळा करून सांगितलं. निकिता इथेच गावात राहते, धीट आहे. तिने विचारलं की घरून काम नीट होतंय, तक्रारी कमी झाल्यात, मग हे कशासाठी. मी म्हणाले, एकत्र बसल्याने आपलेपणा वाढतो. सरांचंच वाक्य, जसंच्या तसं. बोलताना माझ्याच कानाला ते खोटं लागलं. दोन वर्षं मी स्वतः नाशिकला बाबांच्या उशाशी बसून काम केलंय, त्यांच्या शेवटापर्यंत. तेव्हा मला कुणी आपलेपणा शिकवायला बोलावलं नव्हतं.

१० मार्च, सोमवार

संगीता सोडून सगळ्या आल्या. ती मुकुटबनची. नवरा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, घरी सासरे आणि अंथरुणाला खिळलेली सासू. आमच्याकडची सगळ्यात चांगली मुलगी, ग्राहक तिचं नाव घेऊन फोन करतात.

तिला फोन लावला, आणि बाकीच्यांना धडा मिळावा म्हणून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, मॅडम, एसटीनं जाऊन-येऊन सारा दिवस मोडते. सासूबाईले कूस बदलून द्या लागते. बाई ठेवली होती, टिकली नाही. मले कामावरून नका काढू, पण घरून निघणं होत नाही हो.

सगळ्या खाली पाहत होत्या. मी म्हणाले, "ते मला माहीत नाही, संगीता. उद्या मला खुर्चीत तू दिसली पाहिजेस. कशी येतेस ते तुझं तू बघ."

मग, "हो मॅडम."

११ मार्च, मंगळवार

आले तेव्हा ती बसलेली होती, खिडकीजवळच्या खुर्चीत, हिरवी ओढणी नीट पिन केलेली. पाहिलंस, मनात आणलं तर जमतं, असं मी म्हणाले. सगळ्यांसमोर. ती हसली नाही, रागावली नाही. फोन घेत राहिली.

सरांना कळवलं, हजेरी पूर्ण. त्यांनी अंगठा पाठवला. मला बरं वाटलं.

१७ मार्च, सोमवार

निकिताने जागा बदलून मागितली, संगीतापासून लांब. कारण सांगेना. मग म्हणाली, ती पाणी पीत नाही मॅडम. डबा आणत नाही. सकाळी कोणत्या गाडीनं येते तेही कोणी पाहिलं नाही.

दुपारी संगीताच्या सासऱ्यांचा, रामरावांचा फोन आला. संगीता गेल्या सोमवारपासून पडून आहे, डॉक्टरला ताप सापडत नाही, अंगात जीव नाही. सुटी द्या, म्हणाले.

केबिनच्या काचेतून मला ती समोर दिसत होती. मी चिडले. म्हटलं, काका, असलं खोटं बोलू नका, ती माझ्यासमोर बसली आहे.

ते म्हणाले, "मंग माह्या घरात कोण निजून आहे?"

मी फोन ठेवला.

१८ मार्च, मंगळवार

तिला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा तोच, कपाळावरची टिकली तीच. बाहेर एवढं ऊन आणि हिच्या चपलांना धूळ नाही. विचारलं, सासूबाई कशा आहेत?

"कोण?" ती म्हणाली.

टाळत नव्हती. खरंच आठवून पाहत होती.

मग रामरावांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोन खाटेजवळ नेला. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पण संगीताच. मी मान वर केली. काचेपलीकडे संगीता एका बाईला तिच्या कूलरचा पंप बदलून मिळेल असं गोड आवाजात सांगत होती.

रामराव म्हणाले, "तुमचंच नाव घेऊन राह्यली. मॅडमनं सुटी देल्ली का, एवढंच विचारते. एका शब्दाचं काम आहे. तुम्ही तिले म्हना, का सुटी आहे."

तिकडे फोन खाटेवरच्या संगीताच्या कानाशीच होता. मी तोंड उघडलं. आणि डोक्यात शुक्रवार आला. सर येणार, आणि नेमकी ती खुर्ची रिकामी.

रेंज नाही असं मी म्हणाले, आणि कॉल कापला.

२१ मार्च, शुक्रवार

सर येऊन गेले. भरलेला हॉल पाहून खूष झाले. संगीताच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, मुकुटबनहून रोज येते, शिका हिच्याकडून. नंतर किती तरी वेळ ते तो हात रुमालाला पुसत होते. एसी कमी करा, म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत आधी मीच.

२२ मार्च, शनिवार

सकाळी गाडी करून निघाले. फोनवर नाही, तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. पांढरकवड्यापर्यंत ट्रकच ट्रक, पुढे मोकळी शेतं आणि बांधाला उपटून ठेवलेल्या वाळक्या कपाशीच्या पऱ्हाटीचे ढीग. वाटभर वाक्य घोकत होते. संगीता, तुला सुटी आहे. हवी तेवढी.

अंगणात माणसं बसलेली होती. संगीता पहाटेच गेली.

रामरावांनी उठून मला खुर्ची दिली. पाणी दिलं. त्यांनी विचारलं, "बाई, देल्ली होती का हो सुटी? लय विचारत होती."

मी म्हणाले, हो. कालच दिली.

त्या अंगणात, तिच्या माणसांसमोर बसून मी हे म्हणाले. ते मान हलवत राहिले. आतल्या खाटेवर तिची सासू होती. त्या बाईला बोलता येत नाही. तिने माझ्यावरून नजर काढली नाही.

२४ मार्च, सोमवार

खिडकीजवळ. हिरवी ओढणी.

ती गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं; बाकीच्या जिन्यातूनच परतल्या. मी आत गेले. कुणीतरी जायलाच हवं होतं आणि ते काम माझं. म्हणाले, संगीता, सुटी आहे. जा. घरी जा.

ती उठून उभी राहिली. हात जोडल्यासारखे.

"कोणतं घर, मॅडम?"

मी मुकुटबन म्हणाले. मग रामरावांचं नाव. तिच्या नवऱ्याचं, सासूचं नाव घेतलं. ती प्रत्येक नाव ऐकून घेत होती, अनोळखी ग्राहकाचं ऐकावं तसं. मी तिच्यातलं तेवढंच बोलावलं होतं, जे खुर्चीत बसतं. बाकी सगळं तिकडेच राहिलं. तिकडेच जळलं.

कुलूप लावून आले. ती आतच आहे.

२५ मार्च

सगळ्यांना घरून काम करा म्हणून कळवलं. सर ओरडले. ओरडू देत. राजीनामा पाठवला.

रामरावांना फोन करून खरं सांगितलं. सुटी दिली नव्हती. कॉल मी कापला होता. शिव्या देतील वाटलं. म्हणाले, तुमच्या तोंडावरूनच समजलं होतं.

मग हळूच विचारलं, "ते अजून तिथंच बसून आहे काय?"

मी हो म्हणाले.

"मंग तेच पाठवून द्या, बाई. बुडी, तिची सासू, कोनाच्या हातचं खाऊन नाही राह्यली. तिले कायचं समजते, हे का ते. दिसन तर खरी."

मला रडता आलं नाही. माझा तो हक्क नाही. काका, तिला तुमचं घर माहीत नाही, एवढंच —

२६ मार्च

दुपार. निकिताचा फोन. ऑफिसखालून जात होती. वर पाहिलं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. कुलूप तसंच.

रामरावांकडे? फोन करून विचारलं. नाही. तिकडे कुणी आलेलं नाही.

मग कुठे —

तिला दोनच ठिकाणं माहीत. ऑफिस. आणि मी.

इथे, माझ्या घराच्या जिन्यावर चपला. सावकाश. कडी लावली आहे. दार वाजलं, अगदी हलकं, केबिनचं वाजवायची तसं.

"मॅडम, ऑफिस बंद दिसलं. मी कुठं बसू?"

तोच गोड आवाज. राग असता तर बरं —

परत विचारते आहे. दर वेळी तेच. मी जे सांगेन ते ती करेल, तेवढंच ती करते. मुकुटबनला जा म्हणावं तर तिथे ती म्हातारी, आणि हिला पाणीसुद्धा पाजता — पण रामराव म्हणाले, दिसेल तर खरी. इथे बस म्हणावं तर —

संगीता, मी

तिचा श्वास नाही ऐकू येत. नुसती वाट पाहते आहे. मी कडी काढते. यावेळी तोंडाने सांगते. हात धरून गाडीत बसवते, सोबत जाते, तिच्या सासूसमोर उभी राहून सांगते की मी —

कडी मी काढलेली नाही. ती आपोआ