थोरल्या जाऊबाईंच्या बांगड्या

मंगळवार, संध्याकाळ

हरणारीने आजच्या धारा काढायच्या, असं ठरवून मी आणि थोरल्या जाऊबाई मोबाईलवर शिकलेला पोकर खेळलो. पैशांऐवजी चिंचोके. माझ्या दोन जोड्या जमलेल्या. दोघींच्या सामाईक पत्त्यांतला शेवटचा, पाचवा पत्ता उघडला तर मध्ये तीन बदाम! त्यांच्या हातात अजून दोन बदाम असले तर पाच एका रंगाचे, जोड्यांपेक्षा भारी; मी मेलेच. त्यांनी सगळे चिंचोके पुढे ढकलले.

खोटं बोलताना त्या बांगड्या मागे सारतात. आज हातसुद्धा लावला नाही. मी हार मानून पत्ते टाकले.

"ताई, खरंच बदाम हुते?"

"व्हय की!" म्हणत त्यांनी बांगड्या मागे सारल्या, बादली उचलली. "बस तू, मीच काढते."

धारा काढतानाही बांगड्या मागे साराव्याच लागतात म्हणा. पण जिंकलेली बाई गोठ्यात कशाला जाईल?