दोन पोलिसांचा पिक्चर

आबा, दोन पोलिसांच्या त्या पिक्चरमध्ये तुम्हाला एवढं काय गावायचं, हे विचारायचं राहूनच गेलं. आता मीच आजी झालेय, गुडघे गेलेत, दुपारभर टीव्हीपुढं बसते, आणि तसला पिक्चर लागला की नजर तुमच्या खुर्चीकडं जाते. चौथीतनं शाळा सुटली माझी, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, तरी लिहितेय. तुम्ही हवालदार, जन्मभर पंचनामे लिहिलेत. मला दटावून सांगायचा, "डोळ्यांनी बघितलेलं आधी लिही. मनातलं शेवटाला, तेबी कुणी विचारलं तर." तसंच लिहिते.

इंदापुरात आमच्या आळीला केबल आली ते नव्वदच्या पुढचं साल. आई गेल्यावर तुम्ही बावड्याहून माझ्याकडं राहायला आलेला. रविवारी दुपारी केबलवाला हिंदी बोलणारे इंग्रजी पिक्चर लावायचा. एक पोलीस इस्त्रीचा, नियमानं चालणारा. दुसऱ्याचा शर्ट बाहेर, तोंडाला कुलूप नाही. साहेब दोघांना एका गाडीत कोंबतो, आणि चोर राहिला बाजूला, दोघं एकमेकांच्याच जिवावर उठतात. पहिल्या रविवारी तुम्ही नाक मुरडलं. "बारा गाड्या फोडल्या. पंचनामा कोण करणार, ह्यांचा बा?" मी म्हटलं, "आबा, गप बघा, न्हायतर शेळीला पाला टाकून या." पुढच्या रविवारी मात्र माझ्याआधी खुर्ची धरून बसलात.

मला नवल वाटलं, म्हणून मी पिक्चर सोडून तुम्हालाच बघायला लागले. गोळीबार सुरू झाला की तुम्ही तंबाखू मळायचा. गाडी उडाली की जांभई. पण ती दोघं गाडीत बसून काहीबाही खात, "मी चालवणार, मी चालवणार" करून भांडायला लागली की खुर्चीतनं पुढं सरकायचा. एकदा तर टीव्हीलाच म्हणालात, "बडबडू दे की त्याला. रस्ता त्यालाच ठाऊक हाय."

तेव्हा मला तुमची सायकल आठवली. गस्तीला सायकल एक आणि माणसं दोन, तुम्ही आणि तुमचे जोडीदार, जळोचीचे काका. तुम्ही महिन्याला एक वाक्य बोलणार, काका श्वास न घेता बोलणार. निघताना वाद घालायचा आणि जो हरंल त्यानं पायडल मारायचं, हा तुमचा नियम. तुम्ही एकदाही जिंकला नाहीत. मी परकर धरून दारात उभी असते. तुम्ही घामाघूम येताय, आणि मागं कॅरिअरवर काका राजासारखे बसलेत. "हवालदार, चढ आलाय, लावा जोर! मी हितनं धीर देतो." आणि तुमच्या मिशीखाली हसू. आईपुढं ते हसू कधी आलं नाही.

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्याच काकांनी सगळ्या ठाण्यापुढं माईकवर सांगितलं, "आमच्या हवालदारानं जन्मात एकच चोर धरला, तोबी झोपलेला." लोक पोट धरून हसले. चोर झोपलेलाच होता, ते मलाही ठाऊक. पण तुम्ही गळ्यातला हार टेबलावर ठेवून निघून आलात, आणि त्यांच्याशी सहा वर्षं बोलला नाहीत. पिक्चरमध्येही मधेच दोघांचं फाटतं, एकजण पाठ फिरवून निघून जातो. तिथं तुम्ही मळलेली तंबाखू हातात तशीच धरून बसायचा. परत आल्यावर पहिलं कोण बोलतं, तेच बघायचं असायचं का तुम्हाला?

मग एका रविवारी कडी वाजली. दारात काका, हातात काठी, बारामतीहून एसटीनं आलेले.

"आबा हायत का गं?"

"झोपल्यात."

आत टीव्हीवर धडाधड गोळ्या सुटत होत्या. काकांनी कान दिला. "एवढ्या गोळीबारात? आन् नावं मी चोराला ठिवत हुतो." एकटेच हसले. मग म्हणाले, "उठलं की सांग, ह्या खेपंला पायडल मी मारतो म्हणावं."

मी दार लावलं. तुम्ही विचारलंत, "कोण हुतं?"

"भंगारवाला."

संध्याकाळी सांगू म्हटलं, मग उद्या सांगू म्हटलं. त्याच थंडीत तुम्ही गेलात. काका मातीला आले, आणि एवढा बोलका माणूस, माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

डोळ्यांनी बघितलेलं संपलं. हा कागद घडी करून टीव्हीच्या टेबलाखाली सरकवणार आहे, त्याचा एक पाय डुगडुगतो. मनातलं कुणी विचारलेलं नाही, तरी लिहिते. तुमच्या अपमानाचा राग म्हणून मी काकांना दारातनं परत पाठवलं, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घातली. खोटं आहे ते. पिक्चर शेवटाला आला होता, आणि काकांना आत घेतलं असतं तर मला चहाला उठावं लागलं असतं.