पोर्ट ऐंशीवर कोण बसलंय

२८ ऑगस्ट
पर्युषण सुरू. संकल्प: दहा दिवसांत स्वतःची वेबसाइट. शेवटी क्षमावाणीला क्षमा मागायला घरी येणाऱ्यांना टीव्हीवर माझं पान दिसेल. ‘जाणता-अजाणता मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा.’ खाली माझा फोटो. कॉम्प्युटर धाकट्या भावाचा, नमनचा. त्याला जाऊन दीड वर्ष झालं. त्यात लिनक्स आहे. लिनक्स मला जमतं.

२९ ऑगस्ट
एन्जिनएक्स नावाचा सर्व्हर टाकला. व्हिडिओ अर्धाच पाहिला, बाकीचं लक्षात आलं. चालू होत नाही. ब्राउझरमध्ये भलतंच पान आलं. पांढरं. त्यावर एक ओळ: ‘दादा, उत्तम क्षमा. नमन.’ खाली रिकामी चौकट, ‘उत्तर पाठव’चं बटण.
घाबरलो नाही. चहा सांडला, कारण कप गरम होता.

३० ऑगस्ट
वसीमला बोलावलं. शेलूबाजारात त्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. म्हणाला, भूतबित काही नाही भाऊ. नमनभाऊनं अपाची सर्व्हर टाकून ठेवला हाये, तोच पोर्ट ऐंशीवर बसून राह्यला. दार एक, दोघं कसे बसतीन? त्याले स्टॉप करा, मंग डिसेबल करा. नाही त लाईन गेली-आली की परत उठते.
स्टॉप केलं. माझं पान दिसलं! डिसेबल उद्या. शब्द लांब आहे.

१ सप्टेंबर, सकाळ
लाईन गेली. आली. नमन हजर.
फाइलवर तारीख तीन वर्षांपूर्वीच्या क्षमावाणीची. आठवलं. त्यानं मोबाइलवर लिंक पाठवली होती. मी लिंका उघडत नाही, फ्रॉड असतात. तेव्हा आम्ही बोलत नव्हतो. घरचं दुकान सोडून तो कॉम्प्युटरच्या मागे लागला होता, म्हणजे चूक त्याची. शेजारच्या खोलीतून उठून यायला काय झालं होतं? मीही जाऊ शकलो असतो, पण मी मोठा.

३ सप्टेंबर
लाईन पाचदा गेली. त्यातली तीनदा मी मेन स्विच पाडला. टेस्टिंग.
कंचन म्हणाली, काहून घडीघडी बंद-चालू करून राह्यले? एकदाचं उत्तर लिहून टाका ना त्याले. बायकोला टेक्निकल कळत नाही.
चौकटीत ‘न’ टाइप केला. कीबोर्ड तपासायला. पुसला.

४ सप्टेंबर
आज पर्युषणाचा आठवा दिवस, उत्तम त्याग. बस झालं. नेटवर एक कमांड सापडली, जुनं सगळं मुळासकट काढणारी. आधी बॅकअप घ्या, असं लिहिलं होतं. ते नवशिक्यांसाठी. एंटर.
साइट झकास चालू. विषय संपला.

५ सप्टेंबर
झोप नाही. डास.
मेन स्विच पाडला, चालू केला. माझंच पान, माझाच फोटो. अकरा वेळा केलं. घरात इतकं सामसूम पूर्वी नसायचं.

८ सप्टेंबर, क्षमावाणी
पाहुणे आले, पान बघून वा म्हणाले. मोबाइलवर चारशे बारा जणांची क्षमा मागितली. ते गेल्यावर वसीमला बोलावलं. म्हटलं, अपाची परत टाक. त्यानं टाकलं. मी चष्मा पुसून बसलो. पान उघडलं. चौकट नाही, बटण नाही. वर इंग्रजीत एवढंच: इट वर्क्स!
वसीम म्हणाला, चालू झालं भाऊ. पण नमनभाऊची फाइल गेली ते गेलीच.
उत्तर तीनच शब्दांचं होतं. पाठवायला जागा नाही, म्हणून इथं लिहितो. नमन, चुकलं माझं.