रेचेलने खरं सांगितलं

दादा, ओसियो.

तुझी भाची रेचेल सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं निवांत वाच. तिला मुलगी झाली; आपल्याकडे म्हणतात तसं, चाळणी आली, धनुष्य नव्हे. मुलीला जावळ दाट आहे, अगदी आपल्या आईसारखं.

आता लिहायला हरकत नाही. बाळंतपणानंतर रेचेलचा चेहरा उतरतच चालला होता. इथे दवाखान्यात जो तो इंग्रजीत विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." हेही जाईपर्यंत डॉक्टरांना असंच सांगत राहिले.

काल मी तिचा हात धरून आपल्या भाषेत विचारलं, "तोहीजू?" जीव आपल्या चालीने चाललाय का, असं आईने विचारल्यावर खोटं कसं बोलवेल? ती रडायलाच लागली.

"नाही गं आई. पोटरी फार ठणकतेय. सांगितलं तर बाळाला माझ्यापासून दूर ठेवतील."

मी डॉक्टरला बोलावून आणलं. पायात रक्ताची गाठ होती. वेळेत कळलं, म्हणाला. औषध लागू पडलंय.

आज तिने घेवडा घातलेली मक्याची भाकरी मागितली. इथे कुठली मिळणार, म्हटलं तर म्हणते, "मग तू आलीस कशाला?"

माझं छप्पर दुरुस्त करून द्यायला गावची मंडळी आली का? त्यांना उपाशी धाडू नकोस.

दुपारी नर्सने जाता जाता विचारलं, "बरं वाटतंय?" रेचेलने मानेपासून पोटरीपर्यंत सगळं सांगायला घेतलं. बिचारी शेवटी खुर्ची ओढून बसली.

तुझी धाकटी,
एगी