ताईवाचून दुकान

४ जून
ताई गेली. टॅक्सीत बसताना म्हणाली, "तोंड पाडू नकोस. दुकान तूच तर चालवतेस!" खोटं! मी मागच्या खोलीत बूट शिवते — ज्यांना बाजारातला जोड बसत नाही त्यांचे. एक पाय आखूड, बोटं वाकडी, असे. पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायची ती. "तू हात चालव, तोंड मी चालवते" — पहिल्या दिवसापासूनचा तिचा हुकूम. भावोजींची बदली झाली आणि दुकानाचं तोंड त्यांच्याबरोबर गेलं.

५ जून
दार वाजलं की वाटतं तीच आली. वेडेपणा!

९ जून
एक शाळेतल्या बाई आल्या. डावा पाय आखूड. "ताई नाहीत का?" "नाहीत." पुढे काय बोलायचं तेच सुचेना. ताई असती तर एव्हाना त्यांच्या वर्गातल्या व्रात्य पोरांपर्यंत पोचली असती. बाई म्हणाल्या, "मग येते नंतर." गेल्या!

शेजारचा कुलूपवाला दारातून — "काय गं, पळवून लावलंस का गिऱ्हाईक?" कसंबसं हसले.

१५ जून
ताईचा फोन. "कसं चाललंय?" "मस्त!" तिच्या मागे भांडी वाजत होती, आणि मला त्या भांड्यांचाही हेवा वाटला. सांगायचं होतं — तुझ्याशिवाय मला नाही जमत. म्हणाले काय? "जेवलीस का?"

१६ जून
कुलूपवाल्याला विचारलं, हे दुकान कुणी घेईल का. तो कानस खाली ठेवून म्हणाला, "ताईबरोबर तुझे हातही गेले का?" भयंकर राग आला.

२२ जून
बाई पुन्हा आल्या! दुसरीकडचा जोड चावतो म्हणाल्या. मी बोलायला शब्द शोधायचं सोडूनच दिलं, त्यांचा पाय हातात घेतला. टाचेच्या कडेला एवढा मोठा घट्टा. "दिवसभर उभ्या असता ना? भार सगळा इकडे टाकून?" एवढंच विचारलं, तर त्या बोलतच सुटल्या — कंबर, शाळेचा जिना, मुलं मागून करतात ती नक्कल. डोळे पुसले, हसल्याही. मी ऐकत राहिले. ताई इतकं ऐकायची का? आठवेना.

३ जुलै
जोड फसला. टाच उंच झाली, बाई दोन पावलांत थांबल्या. "ताईला विचारून सांगते" — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हणाले, "माझं चुकलं. पुन्हा करून देते." त्या म्हणाल्या, "बरं." बस, एवढंच! आभाळ काही कोसळलं नाही.

११ जुलै
बाई नवा जोड घालून उठल्या. दारापर्यंत, मग फुटपाथवर, मग थेट कोपऱ्यापर्यंत! जुना जोड इथेच विसरून. कुलूपवाल्याने शिट्टी मारली. मी वळून "ताई, बघ—" म्हणाले. मोठ्याने. हे तिने बघायला हवं होतं गं.

१९ जुलै
बाईंनी त्यांच्या आत्याला पाठवलं. आत्याबाई बोलघेवड्या. मीही कमी नाही निघाले!

२० जुलै
ताईचा फोन. रडत होती. "इथे करमत नाही गं. हेही म्हणतात, जा. येऊ का परत? पुढचं सगळं पुन्हा मी बघते, तू आत निवांत."

हेच ऐकायला झुरत होते ना मी?

म्हटलं, "ये ना ताई. आजच निघ. पण घरी ये — दुकानात नको."