रेघेतली बोटभर जागा

सर, तुम्ही गेलात तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मी टाळत आलेय. आधी जगदलपूरला गेले, मग नागपुरात एका मैत्रिणीच्या पार्लरमध्ये राहिले, मग आणखी कुठे कुठे. पेन हातात घेतलं की बाहेर पडावंसं वाटायचं. आज रायपुरात, भाड्याच्या खोलीत बसलेय, कारण तुमचं चित्र लिलावात निघालंय. मोबाइलवर फोटो आलाय: पांढरा कागद, त्यावर पेन्सिलीची एक आडवी रेघ, मध्ये बोटभर तुटलेली. बस, एवढंच. खाली लिहिलंय, ही मोकळी जागा म्हणजे चित्रकाराने ऐकलेली शांतता.

शांतता! सर, ती मी आहे.

इथल्याच बूढापाऱ्यात तुमच्या चित्रकलेच्या क्लासला आम्ही चपलांबरोबर खोडरबरही दाराबाहेर ठेवायचो. तासाला एकच रेघ. चुकली तर चुकलेलीच घेऊन घरी जायचं. या चित्राच्या दुपारी तुम्ही स्वतः काढताय, खिडकीतून दिसणारी तलावाच्या पाण्याची कड. क्लासमधली शंकर नगरची एक पोट्टी श्वास रोखून बघून राहिली. ती कारने यायची, तिचे कागद कधी चुरगळलेले नसायचे. मला भूक लागलीय. मी एकदम ओरडते, "सर, समोसे आणू का?" तुमची पेन्सिल उचलली जाते.

"पागल है क्या!" ती म्हणते.

तुम्ही हसता. "तिच्यावर काहून चिडते? भूक लागली तिले. जा, आण. चटणी जास्त घेजो." आणि हात जरा पुढे सरकवून तिथून रेघ पुन्हा सुरू करता.

मी निघाले. वाटेत तारेत एक पतंग अडकला होता, तो सुटतो का बघत उभी राहिले. परतले तोवर समोसे गार आणि चित्र तिच्या फाइलमध्ये. तुम्ही म्हणालात, "तिनं मागितलं, दिलं." मागायचं असतं हेच मला माहीत नव्हतं, सर. मला वाटायचं, तुम्हाला दिसतं.

आता रविवारी बोली लागेल. मग कुणाच्या तरी दिवाणखान्यात लोक माझ्या ओरडण्यासमोर उभे राहून हळू आवाजात बोलतील, आणि तिथून निघताना म्हणतील, वा. माझा जळफळाट होतोय. तिच्यावर होतोय, तुमच्यावर त्याहून जास्त.

थांबा, खालून कोणी हाक मारतंय.

तीच आहे, सर. इतक्या वर्षांनी! माझा पत्ता कुणी दिला कोण जाणे. रस्त्यातूनच ओरडतेय, "वो शांति-वांति मैंने नहीं लिखवाया, कसम से! मैंने तो बोला, एक लड़की चिल्लाई थी. नीलामवाले बोले, उसको लेके आओ. ऊपर आऊँ क्या?"

"हव, ये," म्हणालेय. जिन्यावर तिची पावलं वाजून राहिलीत. पण तुम्हाला म्हणून सांगते, खिडकीतून मी तिचा चेहरा नंतर पाहिला. आधी हात पाहिले, तुमचा कागद आणलाय का ते.