मरळीचं मुंडकं

पुणे
३ सप्टेंबर २०२४

ती. रंभाआत्यास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग बाकीचं. माझं पुस्तक निघणार! दुसऱ्याच्या गोष्टीला काढलेली चित्रं नव्हेत. गोष्ट माझी, चित्रं माझी, वर नाव माझं. चार वर्षं मी फ्रॉक घातलेले ससे आणि टाय लावलेली अस्वलं काढली. ती तू तुझ्या अंगणवाडीच्या भिंतीला चिकटवलीस आणि अस्वल टाय काऊन लावते म्हणून मलाच झापलंस. या पुस्तकात आपल्या गावचा मामा तलाव आहे, बाबांचं जाळं आहे आणि सात वर्षांची मी. पोरगी बापासोबत पहाटे तलावावर जाते आणि तिच्या हाताला पहिली मरळ लागते.

पुढचं तुला ठाऊकच आहे. आपल्या घरची रीत, ज्याच्या हातून मासोळी त्याच्या ताटात मुंडकं. त्या दिवशी तू वाढलंस, मी डोळे मिटून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी शाळाभर सांगत सुटले. ते शेवटचं पान होतं. होतं म्हणजे, आता नाही. संपादकबाई म्हणाल्या की शाळा असं पुस्तक घेत नाहीत, मुलं बिचकतात. पोरीनं मरळ पाण्यात सोडून द्यावी, म्हणजे मुलांना करुणाही शिकवता येईल. मी दोन दिवस विचार केला आणि नवं पान काढून दिलं. एकच पान तर आहे, आत्या.

नमुन्याची प्रत सोबत पाठवते आहे, बाबांना दाखव. फोन केला नाही, कारण फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. बाबा गुडघ्याला तेल लावतात की नुसती बाटली उशाशी ठेवतात?

लोभ वाढवलास तर बरंच, नाहीतर आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी,
आचल


मोहटोली, ता. मूल
१४ सप्टेंबर २०२४

चि. आचलीस आत्याचे अ. आ.
वि. वि.

पुस्तक पोचलं. चित्रं पाहून माहे डोळे भरले, हे आधी लिहून टाकते, नाईतर म्हणशील आत्या नुसती खेकसते. आता खेकसते.

म्या थे अंगणवाडीत वाचून दाखवलं. पोट्टे सरकत सरकत माह्या मांडीशी आले. बापानं जाळं फेकलं तवा विक्की उठून उभा राह्यला. मरळ लागली तवा सारे ओरडले. अन् मंग तुही शहाणी पोरगी मासोळी सोडून देते! सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले. खुशबूनं इचारलं का मंग त्याईनं जेवाले काय खाल्लं. विक्की म्हणे, आता बाप मारते तिले. करुणा-फरुणा कोणाच्या ध्यानात नाई आली. खुशबूच्या घरी मासोळी नाई लागली तं भात अन् मीठ असते. तिले म्या काय सांगू? पुण्याच्या बाईले वाईट वाटलं म्हणून सोडली असं सांगू?

आपण मासोळी सोडतच नाई असं थोडी आहे. पाणी चढलं का अंड्याची मासोळी आपल्यात कोणी धरत नाई. बारकी तं जाळ्यातून आपसूक निघून जाते. थे आपल्याले कोणत्या पुस्तकानं नाई शिकवलं. पण जे धरलं थे खाल्लं, त्याची लाज कायची? आपण पापी आहो काय? तुही माय गेली तवापासून तुले याच मासोळीवर वाढवलं म्या.

अन् शेवटच्या पानावर मी होती, वाढणारी. तू तं मले बी काढून टाकलं! साऱ्या पाड्यात सांगून बसली होती मी, पुस्तकात माहा फोटो आहे म्हणून.

तुह्या बापानं पुस्तक मांडीवर घेऊन जाळ्याची एकेक गाठ पाह्यली. म्हणे, पोरीनं बरोबर मारल्या. मंग शेवटचं पान पाह्यलं अन् पुस्तक ठेवून देल्लं. एवढंच म्हणे का माह्या पोरीनं माही मासोळी सोडून देल्ली. मंग ओसरीत जाळं शिवत बसला. थे जाळं आदल्या दिवशीच शिवून झालं होतं.

तेल लावत नाई. लोभ आहे म्हणून रागावते, परक्या पोरीवर कायले रागावू?

तुही आत्या,
रंभा


पुणे
२५ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून आहे, पण आज बोलणार सरळच.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की तीन दिवस मी उत्तर लिहीत होते आणि फाडत होते. तिकडे बसून बोलायला तुला काय जातं, असं लिहिलं. चार वर्षं किती दारं वाजवली ते मलाच माहीत, असंही लिहिलं. पण प्रत्येक वेळी बाबा ओसरीत बसलेले दिसायचे, शिवलेलंच जाळं शिवत. शेवटी चौथ्या दिवशी उठले आणि बाईंकडे गेले.

बाई वाईट नाहीत गं. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग मध्यम मार्ग काढला त्यांनी. म्हणाल्या, बरं, जेवणाचं पान ठेवूया, पण ताटात वरणभात दाखव. मरळ धरायची आणि वरणभात खायचा! मला हसू फुटलं. हसता हसता मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की ताटात मुंडकं राहील, नाहीतर पुस्तक माझ्या पिशवीत जाईल. आमच्या घरी तो मान आहे, लपवायची गोष्ट नाही.

पुस्तक पिशवीत आलं. बाई म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे, तू स्वतःचंच नुकसान करतेयस. खरंही असेल. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन रडले. इथं आता मला कोणी पुन्हा विचारेल असं वाटत नाही आणि त्याची भीती वाटते. पश्चात्ताप मात्र शोधला तरी सापडत नाही.

खुशबूला सांग, जेवले ते. पोटभर जेवले.

रागावलीस तरी लोभ ठेव, मी पण तेच करते आहे.

आचल


मोहटोली
७ ऑक्टोबर २०२४

चि. आचलीस अ. आ.
वि. वि.

माह्या जिभेले हाड नाई, बाई. तुहं पत्र वाचलं अन् आधी छाती फुगली. मंग पोरीची भाकर हिसकली का काय म्या, असं वाटून दोन दिवस घास उतरला नाई. तुह्या बापाले म्हटलं, तं थो म्हणे, भाकर गेली तं गेली, मासोळी आहे ना आपली.

अन् तुहा बाप, जो दिवसाकाठी दहा शब्द बोलते, थो दुसऱ्या दिवशी वडस्याच्या गाडीत बसला! तिथी मंगरूभाऊचा छापखाना आहे. झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगीत पोस्टर थोच छापते. मंगरूभाऊ म्हणे, बाप्पा, पुस्तक कधी छापलं नाई, पण कागद तं कागदच असते. दिवाळीपासून नाटकांची गर्दी राहते, त्याच्यातून जमन तसं काढून देतो. रंग पोस्टरसारखे भडक येतील म्हणे. येऊ दे. मच्छीमार सोसायटीत बी तुहा बाप उभा राहून बोलला. पाड्यातलं एकेक घर एकेक पुस्तक घेते.

आता तोंड पाडून बसू नको. शेवटचं पान पुन्हा काढ अन् सारं पाठवून दे. मले थोडी बारीक काढजो. पण मुंडकं मोठं पाह्यजे.

लोभ काय मागते, अख्खी आत्या घे.

रंभा


मोहटोली
१६ जानेवारी २०२५

चि. आचलला बापाचा आशीर्वाद.

मले लिहाची सवय नाई. चौथीनंतर सहीच करत आलो. चुकलं तं रंभाले लिहिजो, मले नको.

पुस्तकं मागच्या महिन्यात वडस्याहून आली, तुह्या वाट्याची तुले पाठवली. तलावाचं पाणी गुलाबी छापलं. मंगरूभाऊ म्हणे, नाटकाच्या पोस्टरवरल्या राणीच्या शालूचा रंग उरला होता. पोट्टे म्हणते, सांजच्याले पाणी असंच दिसते. म्हणून म्या भांडलो नाई.

रंभानं त्याच दिवशी अंगणवाडीत वाचलं. मी दाराशी उभा होतो. शेवटच्या पानावर कोणी काई इचारलं नाई. खुशबूनं पानावरच्या ताटातून बोटानं उचललं अन् तोंडात घातलं. मंग विक्कीनं. मंग साऱ्यांनी लाइन लावली. पान वल्लं होऊन गेलं.

मूल गावच्या एका गुरुजीनं पुस्तक नाई ठेवलं. म्हणे, शाळेत असं चालत नाई. म्या दोन पुस्तकं त्याच्या टेबलावर ठेवून देल्ली अन् निंगून आलो. तुह्या पत्रात होतं का पुण्यात बी दोन दुकानांनी परत केलं. करू दे. तू नवीन काढून राह्यली म्हणते, थे काढ. त्याच्यानंतर सोसायटीच्या मासोळी नेणाऱ्या ट्रकाचं काढ. बर्फाची पेटी लाल आहे, ध्यानात ठेव.

परवा तलावात मोठी मरळ लागली. हातभर आहे. पण रीत म्हणजे रीत. औंदाची मासोळी तुह्या हातची, पुस्तकात तूच धरली, म्हणून मुंडकं तुह्या ताटात. मरळ पाण्यात असली तं पंधरा-वीस दिवस जित्ती राहते, म्हणून रांजणात ठेवली. वर पाटा ठेवला, उडी मारते. रंभाचा हात शिवशिवून राह्यला. पोट्टे रोज पाहाले येते.

सुट्टी काढ अन् रविवारची गाडी धर. तू येत नाई तवरी कापणार नाई. अन् सोडणार बी नाई.

तुहा बाप,
डोमा